वखारवाली अमेरिका

बेळगाव म्हटले की आम्हा गोमंतकीय मराठी माणसांना दोन गोष्टी आठवतात, सीमाप्रश्न आणि भाजी. निपाणी म्हटले की काहीच आठवत नाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाताना वाटेत लागते, एवढेच.

खरे तर जागतिक व्यापार शिकायला निपाणीसारखी शाळा नाही. तंबाखू पिकवतो शेतकरी, पण माल कोणत्या प्रतीचा हे व्यापारी ठरवतो, म्हणजे भावही तोच ठरवतो. याच रागातून 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मेले.

जगाच्या बाजारात अमेरिका ही अशीच वखारवाली. प्रत तीच ठरवणार. 2009 साली तिने कायदा केला : स्वादाच्या सिगारेटी बंद, कारण त्यांच्या गोडीने पोरे व्यसनाला लागतात. हेतू उत्तम! लवंगेची सिगारेट बंद झाली, ती मुख्यतः इंडोनेशियातून यायची. मेन्थॉलची मात्र चालू राहिली, कारण ती घरची. लवंगेने पोरे बिघडतात आणि मेन्थॉलने सुधारतात की काय? इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेकडे गेला, 2012 साली अपिलातही जिंकला. तरी अमेरिकेने कायदा बदलला नाही. 2014 साली दोघांत तडजोड झाली, लवंग बाहेरच राहिली. पुढे 2022 साली मेन्थॉलवरही बंदी घालायचा प्रस्ताव तिथे आला, तो जानेवारी 2025 मध्ये गुपचूप मागे घेतला गेला.

आपल्या विडीलाही हा हिसका बसलेला आहे. 1999 साली अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने मंगळूरच्या एका कंपनीच्या विड्या अडवल्या, लहान मुलांना वेठीला धरून त्या वळून घेतल्या जातात या संशयावरून. मुलांना विड्या वळायला बसवणे हे पापच, त्याची वकिली मी करणार नाही. पण त्याच अमेरिकेत पालकांच्या संमतीने बारा वर्षांच्या पोराला तंबाखूच्या शेतात मजुरी करायला कायद्याची मोकळीक! ह्यूमन राइट्स वॉचने 2014 साली या मुलांवर अहवाल काढला. पानांतले निकोटीन कातडीतून अंगात भिनते, मग मळमळ, उलट्या, चक्कर. तो माल कोणत्या बंदरावर अडला, सांगा!

कोणी म्हणेल, तंबाखूसाठी कशाला गळा काढता, विष ते विष. मान्य. आमच्या गोव्याने 1997 सालीच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला, त्याचा मला अभिमान आहे. माझे म्हणणे एवढेच की विष मोजायचे तर सगळ्यांचे एकाच तराजूत मोजा. आणि वखारीतल्या धुळीत तंबाखू निवडणारी, घरी बसून विड्या वळणारी बाई उद्यापासून काय करील, तेही बंदीच्या त्याच कागदावर लिहा.

आपणही काही कमी नाही. सीमाभागातल्या साहित्य संमेलनांना हौसेने जातो, ठरावाला हात वर करतो, येताना कुंदा आणतो. हजार विड्या वळल्यावर हातात किती पडतात, हे तिथल्या एखाद्या बाईला विचारून आलेला गोमंतकीय मला अजून भेटायचा आहे.