डाळीतला अंश आणि कायद्याची मर्यादा

दोन महिन्यांपूर्वी 72 वर्षांच्या एका आजी अशक्तपणाची तक्रार घेऊन आल्या. चार महिन्यांत त्यांचे वजन साडेतीन किलोंनी घटले होते आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता. रक्ताच्या तपासण्यांत विशेष दोष आढळला नाही. आहाराची चौकशी केली तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, मोबाईलवर एक संदेश आला होता, की परदेशी मसुरात तणनाशक असते आणि त्याने कर्करोग होतो. तेव्हापासून आईंनी सगळ्याच डाळी सोडल्या. मूग-तूरही नको म्हणतात.” आजींना दूध पचत नाही, अंडी त्या खात नाहीत. मग प्रथिने यावीत कोठून?

त्या संदेशात सगळेच खोटे नव्हते, म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडे येणारा बराचसा मसूर कॅनडा व ऑस्ट्रेलियातून येतो. कॅनडात कापणीच्या थोडे आधी उभ्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारण्याची पद्धत आहे. त्यामुळे उरलेले तण मरते आणि पीक सारखे वाळण्यास मदत होते. हे रसायन वनस्पतीच्या अंगात भिनणारे असल्याने त्याचा काही अंश दाण्यात उतरतो. हा अंश किती असला तर माल विकता येईल, हे कायदा ठरवतो. त्यालाच ‘कमाल अवशेष मर्यादा’ म्हणतात.

ही मर्यादा ठरते कशी? प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांतून, ज्या मात्रेला कोणताही अपाय दिसत नाही, ती मात्रा शोधतात. मग तिला साधारणपणे शंभराने भागतात. त्यातला दहाचा एक भाग प्राणी व माणूस यांतील फरकासाठी आणि दहाचा दुसरा भाग माणसामाणसांतील फरकासाठी धरलेला असतो. लहान मूल, वृद्ध, मूत्रपिंड दुबळे झालेला रुग्ण यांचा विचार ह्या दुसऱ्या दहात येतो. जे उरते ते ‘रोज आयुष्यभर घेतले तरी चालेल’ असे प्रमाण. दुसरीकडे, नियमानुसार फवारणी केलेल्या शेतात प्रत्यक्ष किती अंश उरतो, ते मोजतात. त्यावरून पिकाची मर्यादा सुचवली जाते आणि सर्व पदार्थ मिळून पोटात जाणारा अंश त्या सुरक्षित प्रमाणाबाहेर जात नाही ना, हे पडताळले जाते.

आता हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने ग्लायफोसेटसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 1 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण मान्य केले आहे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली ते अर्धा मिलिग्रॅम धरले होते. आपण कडक आकडा घेऊ. 60 किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला 30 मिलिग्रॅम. मसुरासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली, स्वतःची मर्यादा नसल्यामुळे, आयात डाळींसाठी कोडेक्सचेच आकडे पाहण्याची सूचना दिली. डाळीत अंश अगदी मर्यादेइतका असला, तरी रोजच्या 50 ग्रॅम कोरड्या डाळीतून पाव मिलिग्रॅम पोटात जातो. 30 मिलिग्रॅम व्हायला रोज 6 किलो डाळ खावी लागेल.

कर्करोगाचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले, हे खरे. हे वर्गीकरण पदार्थाच्या अंगी तो गुण असू शकतो का, एवढेच सांगते. किती मात्रेने किती धोका, हे ते सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या संयुक्त समितीने 2016 साली, आहारातून पोटात जाणाऱ्या अंशामुळे असा धोका संभवत नाही, असा निष्कर्ष काढला. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याचा संपर्क मात्र याहून पुष्कळ अधिक असतो. त्याची काळजी निराळी आणि अधिक गंभीर आहे.

म्हणून सगळे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. पिकाची मर्यादा निर्यातदार देशातील शेतीपद्धतीवर बेतलेली असते. आपल्याकडे मात्र कित्येक घरांत दोन्ही वेळा डाळ शिजते आणि प्रथिनांचा मुख्य आधारही तीच असते. त्या आहाराचा हिशेब करून आपली स्वतःची मर्यादा ठरायला हवी. शिवाय मूल्यमापन बहुधा एकेका रसायनाचे होते. ताटात मात्र अनेकांचे अंश एकत्र येतात. आणि मर्यादा कितीही कडक असली, तरी बंदरावर व बाजारात नमुने नियमित तपासले नाहीत, तर तिचा उपयोग नाही. ही मागणी ग्राहक म्हणून आपण अवश्य करावी.

घरी काय करावे? डाळ दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावी, भिजवलेले पाणी टाकून द्यावे. वरवरचा अंश त्याने कमी होतो. दाण्यात भिनलेला मात्र पूर्ण जात नाही. एकाच डाळीवर अवलंबून न राहता मूग, तूर, मटकी, हरभरा, कुळीथ आलटून पालटून वापरावेत, म्हणजे कोणत्याही एका रसायनाचा भार वाढत नाही. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांनी डाळीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांच्या बाबतीत त्याचे कारण तणनाशक नसून प्रथिने, पोटॅशियम व फॉस्फरस हे असते.

आजींना हा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्या थोडा वेळ आकड्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी उगीचच उपाशी राहिले म्हणायचे.” गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. वजन एक किलोने वाढले आहे. खुर्चीतून उठताना आता एकाच हाताचा आधार पुरतो.