दोष भिंगाचा नव्हे

गेल्या हिवाळ्यात बडोद्यात एका छायाचित्र-प्रदर्शनाला गेलो होतो. दाराशी निवेदन लावलेलं होतं. त्याचा मथितार्थ असा की ही सगळी छायाचित्रं १९६०च्या दशकातल्या २१ मिलिमीटरच्या रेंजफाइंडर भिंगातून, पण आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेली आहेत आणि कोपऱ्यांतली जांभळट धूसरता म्हणजे त्या जुन्या काचेने जपलेली स्मृती आहे. आत गेलो. एका चित्रात भाजी विकणारी बाई अगदी कडेला होती. चेहरा ताणलेला, पुसट, जांभळट. शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने मला कौतुकाने सांगितलं, "काका, याला कॅरॅक्टर म्हणतात."

हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे. तीन अगदी वेगळ्या गोष्टी या एका शब्दाखाली लपवल्या जातात, आणि त्यातल्या दोघींशी बिचाऱ्या भिंगाचा संबंध नाही.

पहिली गोष्ट धूसरतेची. लुडविग बेर्टेले या भिंगरचनाकाराचं २१ मिलिमीटरचं बायोगॉन १९५४ साली कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आलं. लायकासाठी श्नायडरने बनवलेलं सुपर-अँग्युलॉन १९५८ साली आलं आणि त्याची अधिक प्रकाश घेणारी आवृत्ती १९६३ साली. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. त्यामुळे भिंगाची मागची काच थेट फिल्मच्या जवळ नेता येते आणि पुढची-मागची रचना जवळपास सममित ठेवता येते. या सममितीमुळे सरळ रेषा सरळच राहतात. आरशाच्या कॅमेऱ्याला ही सोय नव्हती. तिथे आरशाला जागा सोडण्यासाठी भिंगाची रचना उलटीपालटी करावी लागली, आणि सुरुवातीच्या तशा भिंगांत इमारतींच्या कडा बाहेर फुगायच्या.

बायोगॉनचं घराणं कशासाठी वापरलं गेलं, तेही पाहा. बेर्टेलेंनीच विमानातून नकाशे काढण्यासाठी याच वळणाची भिंगं रचली. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तिथल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर ६० मिलिमीटरचं बायोगॉन होतं. त्याच्या चित्रांवरून मोजमाप करायचं होतं, म्हणून फिल्मसमोर बारीक फुल्या कोरलेली काचेची पट्टी बसवली होती. मोजणीसाठी स्वप्नाळू भिंग कोण निवडेल?

मग प्रदर्शनातले ते जांभळट कोपरे आले कुठून? डिजिटल कॅमेऱ्यातून. फिल्म पातळ असते, तिरपा प्रकाश तिला चालतो. डिजिटल संवेदकावर मात गाळण्यांच्या काचेचा थर असतो. मागची काच इतकी जवळ असलेल्या भिंगातून कोपऱ्याकडे जाणारे किरण फार तिरपे येतात, त्या थरातून जाताना फिसकटतात, आणि रंगही बदलतो. हेच भिंग फिल्मवर लावून अ‍ॅपर्चर थोडं बंद करा, कोपऱ्यातल्या पाटीवरची अक्षरं वाचता येतील. म्हणजे ज्याला जुन्या काचेची स्मृती म्हटलं, ती नव्या कॅमेऱ्याची गैरसोय आहे.

दुसरी गोष्ट अंधारलेल्या कोपऱ्यांची. ही मात्र भिंगाची स्वतःची. इतक्या रुंद सममित भिंगात कडेकडे प्रकाश कमी होतोच. हे मान्य, आणि मला ते आवडतंही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ताणलेल्या चेहऱ्याची. २१ मिलिमीटरच्या भिंगासमोर एक चेंडू चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या कडेला धरा. तो चित्रात सुमारे ३० टक्के लांबट दिसेल. हा निव्वळ भूमितीचा हिशेब आहे. सरळ रेषा सरळ ठेवणारं कालच कारखान्यातून आलेलं, कोणत्याही कंपनीचं भिंग घ्या, चेंडू तेवढाच ताणला जाईल. माणसाचं डोकं चेंडूपेक्षा वेगळं वागत नाही. तेव्हा माणूस कडेला ताणला गेला असेल, तर त्याला तिथे कुणी ठेवलं एवढाच प्रश्न उरतो.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याला पाठ आहे. आता आपण पुढची पायरी गाठली आहे. वाकड्या अंगणाला जास्त भाव येतो. १९५५ सालचं २८ मिलिमीटरचं सुमारॉन लायकाने २०१६ साली पुन्हा बनवून बाजारात आणलं, आणि जुनेपण हीच त्याची जाहिरात झाली. भिंग उत्तम आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती जुन्या भिंगाचं नाव पुढे करून स्वतःची सही टाळण्याबद्दल.

हे मी वरून सांगत नाही. हाच गुन्हा मी केला आहे.

फिल्मच्या दिवसांत एका मित्राचं सुपर-अँग्युलॉन मी महिनाभर वापरायला आणलं होतं. मांडवीमागच्या एका गल्लीत कोरीव लाकडी घरं होती, मला ती हवी होती. गल्लीच्या तोंडाशी एक रफूवाले चाचा बसायचे. त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिलो, घरं मधोमध घेतली आणि चाचांना डाव्या कडेला ठेवलं, कारण तिथे काहीतरी हवं होतं. आठवड्याने प्रिंट नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि गुजरातीत विचारलं, "भाई, माझं डोकं भोपळ्यासारखं का केलंत?" मी म्हणालो, "चाचा, लेन्स जुनी आहे. तिचा स्वभावच तसा." त्यांनी मान डोलावली आणि प्रिंट दोऱ्यांच्या डब्याखाली उपडा ठेवला.

त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. का केलंत, असं. मी उत्तर भिंगावर ढकललं.

या भिंगांवर छायाचित्रण करताना ठरवायचं फार थोडं असतं. अ‍ॅपर्चर ८ वर, अंतर २ मीटरवर लावून ठेवा. साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोकस करावा लागत नाही. चौकट कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या छोट्या व्ह्यूफाइंडरमधून अंदाजाने दिसते. मग हातात उरतात त्या दोनच गोष्टी: उभं कुठे राहायचं आणि समोरच्या माणसाला चौकटीत कुठली जागा द्यायची. चाचांसमोर मी नेमकं तेवढंच ठरवलं होतं, आणि नेमकं तेच नाकारलं.

कुणी म्हणेल, कलावंताला धूसर कोपरे आवडले, ताणलेले चेहरे हवे असले, तर तुमचं काय जातं? माझं काही जात नाही. मुद्दाम विद्रूप केलेल्या चेहऱ्यांचीही मोठी परंपरा आहे. पण मग निवेदनात तसं लिहा: मी या बाईंना कडेला ठेवलं, कारण मला त्या अशा दिसायला हव्या होत्या. हे वाक्य लिहिताना हात थांबला, तर ते चित्र भिंतीवर लावण्याआधी पुन्हा विचार करा. शक्य असेल तर प्रिंट घेऊन त्या बाईंकडे जा. त्यांनी विचारलंच, तर जुन्या काचेचं नाव सांगू नका.