घड्याळ, कूस आणि गर्भाचे ठोके

फेफरे आलेल्याच्या नाकाशी चप्पल वा कांदा धरण्याची रीत परदेशातील आपल्या घरांतही टिकून आहे. तिचा उपयोग शून्य. प्रथम घड्याळ पाहावे, रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. 5 मिनिटांत झटके न थांबल्यास रुग्णवाहिका बोलवावी. गर्भवतीसाठी मात्र पहिल्याच झटक्याला. तिला डाव्या कुशीवर निजवावे. गर्भाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत. झटक्यात ते घसरू शकतात. तरी परिचारिका आधी आईचाच श्वास सांभाळते, आणि तेच योग्य: आई सावरली की बहुधा ठोकेही सावरतात. याहून घातक म्हणजे सासरी कळेल या भयाने गोळी चुकवणे. हिंदू विवाह कायद्यातून फेफऱ्याची अट 1999 मध्येच वगळली गेली आहे.