लिटरचा हिशोब ठेवता, माणसांचा कधी ठेवणार?

भोर-वेल्ह्यातल्या (आता राजगड म्हणा) मंडळींनो, जरा कडू बोलतोय, पण पूर्ण वाचा.

२३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण ठेवायचा अधिकार राज्यांना आहे. छान झालं. अधिकार घेतला, आता जबाबदारीही घ्या की!

परवान्याच्या जागी एक्साईजवाले रजिस्टर बघतात. किती लिटर आलं, किती गेलं. ते हवंच. २०१५ ला मुंबईत मालवणीला मिथेनॉल दारूत गेलं आणि शंभरावर माणसं मेली. पण स्पिरिट चोरीला गेलं नाही म्हणून शेजारची वस्ती सुरक्षित झाली का?

इथेनॉलची वाफ साधारण १३ अंशांनाच पेट घेऊ शकते. आपल्याकडं थंडीतली दुपारसुद्धा त्याहून गरम असते. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळं जमिनीलगत, गटारातून लांब जाते. टँकर खाली करताना अर्थिंग नसेल तर एक ठिणगी बास. भर उन्हात ज्वाळ धड दिसतही नाही. आणि साधा फोम त्यावर टिकत नाही, अल्कोहोलसाठीचा वेगळा लागतो.

शेजारी मुळशीत, उरवड्याला ७ जून २०२१ ला रसायनाच्या कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले. बहुतेक बायका. तिथलं रसायन वेगळं, पण डबा घेऊन कामाला जाणारी माणसं आपल्यासारखीच होती. चौकशी समिती नंतर बसते. आपल्याला आधीची तपासणी पाहिजे.

लगेच कुणीतरी म्हणेल, 'असं बोललात तर उद्योग जातील, पोरांचं काम जाईल.' टाकीभोवती बांध घातला, अर्थिंग केलं म्हणून कुठला कारखाना बुडतो हो? काम करणारी पोरंही आपलीच आहेत.

भोपाळनंतर, १९८७ ला कारखाना कायद्यात कलम ४१ब आलं ते याचसाठी. धोकादायक कारखान्यानं कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या लोकांना धोक्याची माहिती द्यायची. म्हणजे आपण उपकार मागत नाही.

येत्या ग्रामसभेत हे विचारा, आणि ठरावात लिहून घ्या:

१. आपल्या हद्दीत स्पिरिट साठवायचा परवाना कुणाला, किती लिटरचा?
२. टाकीला बांध आणि अर्थिंग आहे का? शेवटची तपासणी कधी झाली?
३. अल्कोहोलचा फोम कुठं ठेवलाय? बंब कुठून येणार, किती वेळात?
४. रात्री आग लागली तर वस्तीला कोण कळवणार?

उत्तर तोंडी घेऊ नका. तहसीलदारांच्या सहीचं घ्या.