जन्माच्या पाच प्रती

गेल्या विकांताला कपाट आवरताना एक पांढरी पुस्तिका हाताला लागली. कोपऱ्यात पिनची दोन रिकामी भोकं. ती बघितली आणि परत एकदा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ही पुस्तिका म्हणजे माझ्या बायकोचा जन्मदाखला, आणि ती पिन काढणारा महाभाग मीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पुण्याचा, बायको चिनी, आणि दोघं राहतो अमेरिकेत. इथे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डाची रांग तुमच्या नागरिकत्वावर ठरत नाही, तुम्ही कुठल्या देशात जन्मलात यावर ठरते. १९९० च्या कायद्याने एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा घातली. आपण संख्येने भरपूर, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. पण कायद्यात एक पळवाट नव्हे, चांगली सरळ वाट आहे: नवरा-बायको दोघं मिळून अर्ज करत असतील तर जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग धरता येते. चीनची रांगही काही छोटी नाही, पण मास्टर्सवाल्यांच्या, म्हणजे ईबी-२ च्या रांगेत ती आपल्यापेक्षा कित्येक वर्षं पुढे आहे.

थोडक्यात, माझं कार्ड बायको कुठे जन्मली यावर अवलंबून. एवढी वर्षं कोडिंग केलं, रात्री-बेरात्री प्रॉडक्शन सांभाळलं, आणि शेवटी कामाला काय येणार? तर एका प्रसूतिगृहातली नोंद!

आता ही नोंद सिद्ध कशी करायची? चीनमध्ये देशभर एकाच नमुन्याचा वैद्यकीय जन्मदाखला सुरू झाला १ जानेवारी १९९६ पासून. आमच्या बाईसाहेब १९९५ च्या. अशा लोकांनी नोटरी कार्यालयात जायचं. तिथे हुको, म्हणजे घराच्या नोंदणीचं पुस्तक दाखवायचं, बाकीची कागदपत्रं द्यायची, मग ते एक पुस्तिका बनवून देतात. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडील, पाठोपाठ इंग्रजी भाषांतर आणि लाल शिक्का. सगळं एकत्र बांधलेलं. ते सुटं करायचं नाही, सुटं झालं की त्याची किंमत गेली. (हे मला नंतर कळलं.)

मुलगी परदेशात, म्हणून हे सगळं सासूबाईंनी केलं. मुलीचं अधिकारपत्र घेऊन, दोन तास बसने जिल्ह्याच्या गावी जाऊन. तिथल्या बाईंनी विचारलं, "किती प्रती हव्यात?" सासूबाईंनी फोन लावला, बायकोने मला विचारलं, आणि मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "दोन पुरेत." जादा प्रतीचे पैसे तेव्हा किरकोळ होते, पण मराठी मध्यमवर्गीय काटकसर नको तिथे बरोबर जागी होते.

पहिली प्रत एका कार्यालयाने मूळ बघायचं म्हणून मागून घेतली, ती आजतागायत परत आलेली नाही. दुसरी मी पिन काढून स्कॅनरमध्ये सरकवली, कारण पान-पान उलटून कोण स्कॅन करत बसणार! अर्जासोबत झेरॉक्स चालते, त्यामुळे तेव्हा काही बिघडलं नाही. मग आलं मुलाखतीचं पत्र: मूळ कागदपत्रं घेऊन या.

पुन्हा अधिकारपत्र, पुन्हा बस, पुन्हा तीच खिडकी. फोनवर सासूबाई लेकीला जे म्हणाल्या त्याचं बायकोने केलेलं भाषांतर असं: "तुला मी जन्म दिला, हे मी किती वेळा शाबीत करायचं?" मी गप्प बसलो. काय बोलणार?

कोणी म्हणेल, खोटे दाखले निघतात, म्हणून ही कटकट. मान्य. जुन्या नोंदी हरतऱ्हेच्या असतील तर कोणीतरी तपासून शिक्का मारणं रास्तच आहे. आपल्याकडे तरी काय वेगळं? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण आधीच्या पिढीतल्या कित्येकांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, किंवा नोंदच सापडत नाही. मग नोंद नसल्याचा दाखला काढा, दोन प्रतिज्ञापत्रं करा, वॉर्ड ऑफिसात हेलपाटे घाला. माझ्या स्वतःच्या दाखल्यासाठी पुण्यात रांगेत कोण उभं होतं? आई.

माझा आक्षेप तपासणीला नाहीच. एकदा तपासलेलं पुन्हापुन्हा तपासायचं, आणि दरवेळी हमाली माणसाने करायची, याला आहे. आमच्या धंद्यात एकच माहिती दहा ठिकाणी हाताने उतरवून ठेवली तर कोड रिव्ह्यूमध्ये कान उपटतात. इथे तेच राजमान्य. आणि यातली गोम अशी, की परदेशी जातो आपण, पगार मिळतो आपल्याला, पण कागदांसाठी बस पकडतात मागे राहिलेले आईबाप. या खर्चाचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

भारतात २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा धरला जातो. दिशा बरोबर आहे. एका देशाच्या कार्यालयाने दुसऱ्या देशाच्या नोंदी थेट पडताळून बघायला कधी सुरुवात होईल, ते देव जाणे. तोवर माझ्यासारख्या शहाण्यांना फुकटचा सल्ला: खिडकीवरच्या बाईंनी "किती?" विचारलं की पाच म्हणा. पिनला हात लावू नका. आणि मूळ प्रत कोणी मागितली तर परत कधी देणार ते आधी विचारा.

नव्या प्रती मुलाखतीच्या चार दिवस आधी पोचल्या. पाकिटातून पाच पुस्तिका निघाल्या. आम्ही तीनच सांगितल्या होत्या. जावयाला ओळखून असलेल्या सासूबाईंनी दोन आपल्या मनाने वाढवल्या होत्या.