ग्राफिक्स कार्ड तेच, मग गेम वेगळा का चालतो?
लॅपटॉपवर 'आरटीएक्स ४०६०'चं स्टिकर दिसलं की आपण निश्चिंत होतो. पण एनव्हिडिया हेच कार्ड ३५ ते ११५ वॅटपर्यंत चालवायची मुभा लॅपटॉप कंपन्यांना देते. कमी वॅटच्या कार्डांना पूर्वी 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव असायचं, २०२१ मध्ये ३० सीरिजपासून तेही गेलं. म्हणून खरेदीआधी 'टीजीपी', म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वीज मिळते, तो आकडा बघाच.

लॅपटॉप आधीच घेतलाय? विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन गेमला 'हाय परफॉर्मन्स' निवडा. खेळताना चार्जर लावून ठेवा. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. पण कंपनीने ठरवलेली वॅटची मर्यादा विंडोजच्या सेटिंगने वाढत नाही.