नव्या ग्राफिक्स कार्डावर ठिपके दिसले, तर आजच तपासा

नांदगावात लग्नाचं शूटिंग एडिट करणारी किंवा गेम खेळणारी बरीच मुलं आता चांगलं ग्राफिक्स कार्ड घेऊ लागली आहेत. पंचवीस-तीस हजारांच्या वस्तूसाठी घरात किती बोलणी होतात, हे मी अनुभवलंय. म्हणून कळकळीने सांगतो, कार्ड बसवलं की पहिल्या दोन दिवसांतच ते बेंचमार्कवर, म्हणजे कार्डावर ताण देणाऱ्या चाचणीवर, कसून पळवा. पडद्यावर काही विचित्र दिसलं, तर ‘होईल नीट’ म्हणून सोडून देऊ नका.

मी सोडून दिलं होतं. युनिजिन हेवन हा बेंचमार्क लावला, दहा मिनिटं सगळं झकास चाललं. मग त्यातल्या आकाशात गुलाबी ठिपके लुकलुकायला लागले आणि फरसबंदीच्या रस्त्यावरून एक काळा त्रिकोण थेट ढगांपर्यंत ताणला गेला. मी दोष लाइटला दिला आणि परत करायच्या मुदतीतले चार दिवस घालवून बसलो.

खरं तर पहिली तपासणी एका मिनिटाची आहे. ठिपके दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमधलं चित्र कार्डाच्या मेमरीतून येतं, केबल आणि मॉनिटर त्याच्या पुढचे. चित्र मोबाइलवर स्वच्छ असेल तर आधी केबल बदला, दुसरा मॉनिटर लावून बघा. ठिपके मोबाइलवरही दिसत असतील, तर दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या पडद्यावरच रेघा दिसत असतील, तर ड्रायव्हरवर संशय घेण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हरची शंका असेल तर जुना पूर्ण काढून नवा टाका. मशीन बंद करून, वायर काढून कार्ड पुन्हा घट्ट बसवा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. मोठ्या कार्डाला एसएमपीएसपासून प्रत्येक जोडणीसाठी वेगळी वायर द्या, जुगाडाचे कनेक्टर नकोत. वीज कमी पडली तर मशीन बहुधा बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, ठिपके सहसा उठत नाहीत. हे मला तेव्हा माहीत असतं तर ते चार दिवस वाचले असते.

उन्हाचंही बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात खोली पत्र्याची असली तर विचारूच नका. तीच चाचणी एकदा पहाटे आणि एकदा दुपारी, कॅबिनेटची बाजू उघडून, टेबलफॅन लावून करा. जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये कार्डाचं तापमान दिसतं. दुपारीच ठिपके येत असतील तर आधी हवा खेळती करा. फरमार्क ही कार्ड तापवणारी चाचणी मात्र तासभर चालू ठेवू नका, पंधरा मिनिटं पुरे.

एवढं करूनही ठिपके राहिले, तर आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाच्या मेमरीचा वेग दोनशे मेगाहर्ट्झने उतरवून बघा. माझे ठिपके तिथेच गायब झाले. म्हणजे कंपनीने ठरवलेला वेग त्या मेमरीला झेपत नव्हता. पण हा इलाज समजू नका. वेग उतरवून कार्ड वापरत राहिलात, तर पूर्ण पैसे मोजून अर्धवट माल घेतल्यासारखं होईल.

म्हणून दुकानातून कार्ड बदलूनच मागा. ‘नवं कार्ड खराब कसं निघेल?’ असं दुकानदार म्हणाला तरी दबू नका. २०१८ साली आरटीएक्स २०८० टीआय हे त्या वेळचं महागडं कार्ड कित्येकांकडे असंच बिघडलं. सुरुवातीची काही कार्डं तपासणीतून निसटल्याचं एनव्हिडियाने स्वतः मान्य केलं.

बदलून द्यायला कोणी टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला, तक्रार करता येते, दुकान मुंबईचं असो की दिल्लीचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

तक्रारीसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कॅबिनेट उघडं असू द्या आणि कार्डाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर व पडद्यावरचे ठिपके कुठेही न थांबता एकाच व्हिडिओत घ्या. बिलाचा फोटो काढा, कारण बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्यावरची छपाई उन्हाळ्यात उडते. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोका भंगारात देऊ नका.